दातांचे मुद्दल आणि चाव्याचे माप

मानवी शरीरात दातावरील एनॅमलइतका कठीण दुसरा पदार्थ नाही. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. दाढेच्या उंचवट्यावरही त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. ज्यात पुन्हा भर पडत नाही असे हे मुद्दल आहे. त्याचे मोल व्यापारी कुटुंबांना निराळे सांगणे नलगे.

या मुद्दलाला तीन वाटांनी गळती लागते: दातावर दात घासल्याने, सुपारी किंवा जोरकस ब्रश यांनी, आणि आंबट पेये वा घशाशी येणाऱ्या पित्ताच्या आम्लाने. अशा झिजलेल्या दातावर कोणत्या पदार्थाची टोपी बसवावी व ती किती भार सोसेल, हे ठरविताना चाव्याचे बल मोजणे उपयोगी पडते.

हा विचार जुना आहे. इटलीतील शास्त्रज्ञ बोरेली यांनी खालच्या जबड्याला वजने टांगून केलेले प्रयोग १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज संवेदक बसविलेला पोलादी काटा दाढांमध्ये धरून रुग्णाला पूर्ण जोराने चावण्यास सांगतात. निरोगी प्रौढाच्या दाढांवर हे बल साधारणतः ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे पन्नास ते सत्तर किलो वजनाइतके भरते. रोजच्या जेवणास त्याचा अल्प अंश पुरतो.

हा आकडा मात्र तारतम्याने वाचावा लागतो. काट्याची जाडी, एका बाजूने चावणे, वेदना, दात मोडण्याची भीती, यांपैकी कशानेही माप बदलते. भीतीने दिवसा जोर आवरणारा रुग्ण झोपेत दात खाताना कधीकधी त्याहून अधिक बल लावतो. म्हणून एकाच मोजणीवर न विसंबता झिजेचे कारण शोधावे लागते. दात खाण्याची सवय असल्यास रात्री संरक्षक पट्टी वापरण्याचा सल्ला दिला जातो. कारण तसेच राहिले, तर महागडी टोपीही तडकते.

संतापाला मराठीत ‘दातओठ खाणे’ म्हणतात, ते उगाच नव्हे. विश्रांतीत वरचे व खालचे दात एकमेकांस टेकत नाहीत. त्यांत दोन ते चार मिलिमीटर अंतर असते. उधारी-वसुलीच्या चिंतेत पेढीवर बसलेल्याला आपले दात आवळलेले असल्याचे भानही नसते. सामायिकाच्या ४८ मिनिटांत, कायोत्सर्गात देह सैल सोडताना, जबड्याकडेही एकवार लक्ष द्यावे. कषाय मंद करण्याच्या साधनेत दातांचे मुद्दलही राखले जावे, हा लाभ थोडा नव्हे.