आवाज आमचा, एको त्यांच्या कानात!

आपल्या सेमिनार हॉलमध्ये ऑनलाइन इंटरव्ह्यू किंवा गेस्ट लेक्चर असलं, की पाच मिनिटांत पलीकडून तक्रार येते, "तुमच्याकडून एको येतोय." आपण एकमेकांकडे बघतो, कारण आपल्याला तर सगळं व्यवस्थित ऐकू येत असतं! मग नेटला शिव्या घालून होतात आणि नवीन सिस्टिम घ्यायची चर्चा सुरू होते. मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे : आधी पडदे घ्या, सिस्टिम नंतर.

मुळात ज्याच्या हॉलमध्ये एको तयार होतो, त्याला तो ऐकूच येत नाही. पलीकडच्या माणसाचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, भिंतींवर आपटत आपल्याच माइकमध्ये शिरतो आणि उशिराने त्याच्याकडे परत जातो. दोष आपल्या हॉलचा, शिक्षा त्याला.

यावर एको कॅन्सलर असतोच की, असं कुणी म्हणेल. असतो. बेल लॅब्जच्या मनमोहन सोंधींनी त्यावर १९६७ साली पेपर लिहिला. स्पीकरपासून माइकपर्यंतच्या वाटेचा अंदाज बांधायचा आणि तेवढा आवाज वजा करायचा, ही त्यातली आयडिया. पण कुणी माइक हलवला की अंदाज पुन्हा बांधावा लागतो. हॉल फार घुमत असेल, तर आवाजाची शेपूट फिल्टरच्या आवाक्याबाहेर जाते. आणि दोघं एकदम बोलले, की एको दाबण्याच्या नादात आपले शब्दही कापले जातात. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत उत्तर अर्धवट पोचलं, तर नुकसान कुणाचं?

आता हिशेब करू. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या लेक्चर हॉलवर काम सुरू केलं. थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून मांडायच्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं! त्यातून निघालेलं सूत्र : घुमण्याचा वेळ = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण. १५ × १० × ४ मीटरचा रिकामा हॉल धरा. घनफळ ६००, सगळे पृष्ठभाग मिळून ५०० चौरस मीटर. प्लास्टर, फरशी, काच जेमतेम ५ टक्के आवाज शोषतात असं मानलं, तर उत्तर येतं ३.९ सेकंद. त्यातल्या ६० चौरस मीटरवर निम्मा आवाज शोषणारे जाड, चुण्यांचे पडदे लावले, की तेच १.९ सेकंद. बोलणं नीट कळायला एक सेकंदाच्या आसपास हवा. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट पडद्यांनीच कापली!

बाकीचं तर फुकटात होतं. माइक तोंडाजवळ, स्पीकरपासून लांब. आवाज बेताचा. एका हॉलमध्ये एकाच लॅपटॉपचा माइक चालू.

भारी कॅमेरा आणि मोठा स्क्रीन उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात, पडदे दिसत नाहीत हे मान्य. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्याला आपला स्क्रीन दिसत नसतो हो, त्याला फक्त आपला आवाज ऐकू येतो. तेव्हा पुढच्या खरेदीच्या यादीत पहिली ओळ पडद्यांची असावी, एवढीच विनंती!