दोष माउसचा की आमचा?

वर्गात पडद्यावरचा बाण गोठला की 'मराठीच्या प्राध्यापकांना यंत्र कळत नाही' हा निष्कर्ष ठरलेलाच. आम्ही तो नाकारतो. सेल बदलले, तरी बिनतारी माउसचा संपर्क तुटतच राहिला. सल्ला मिळाला, 'नवा घ्या'. कारण निराळेच होते. माउसचा रिसीव्हर संगणकामागे, यूएसबी ३.० हार्ड डिस्कच्या शेजारी खोचलेला होता. माउस ज्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात संदेश पाठवतो, त्यातच अशा जोडणीचा रेडिओ-गोंगाट मिसळतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर टेबलावर आणला. बाण पुन्हा अडला नाही.

संहितेला दोष देण्यापूर्वी संदर्भ तपासावा, हे आम्ही रोज शिकवतो. यंत्राबाबत ती शिस्त सोडून माणसालाच अडाणी ठरवणे, हेच खरे अज्ञान होय.