परिच्छेद काही ऐकेना!

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आठवणी आमच्या हिने वहीत लिहून ठेवल्या होत्या. ती गेल्यावर त्या लिबरऑफिसमध्ये उतरवायला घेतल्या. काही पाने भाच्याने टाइप करून ईमेलने पाठवली, ती चिकटवली आणि गोंधळ सुरू झाला. स्टाइलमध्ये आकार १४ केला तर इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी मात्र जागच्या जागी!

दोन दिवसांनी उलगडले. स्टाइलमध्ये देवनागरीच्या फॉन्टची जागाच वेगळी, 'कॉम्प्लेक्स' नावाची. साध्या बाराखडीला कॉम्प्लेक्स म्हणायचे आणि तिला मागच्या दाराने आत घ्यायचे, हे मला पटत नाही. असो. तिथे १४ केले, तरी भाच्याची पाने हटून बसली. चिकटवलेला मजकूर आपला जुना आकार सोबत घेऊन येतो, तो स्टाइलला जुमानत नाही. सगळे निवडून कंट्रोल-एम दाबले आणि पाने एकसारखी झाली.

पण सास्तूरच्या पानावर थबकलो. गेलेल्यांची नावे हिने अधोरेखित केली होती, मी ती ठळक केली होती. तीही साधी झाली. आकार, अंतर स्टाइलनेच ठरवावे, हाताने नाही, हे माझे ठाम मत. नावे मात्र वही समोर ठेवून एकेक करून हातानेच पुन्हा ठळक केली.