पुणेरी पलटणचे पहिले सात ओळखायचे कसे? नावं नको, जोड्या बघा

२९ डिसेंबर २०२४. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची फायनल पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात होती. मुळा नदीच्या पलीकडं वाकड-हिंजवडी, म्हणजे पिंपरी-चिंचवडकरांसाठी हे घरचंच मैदान. पण फायनलमध्ये पुणेरी पलटण नव्हती. हरियाणा स्टीलर्सनं पटना पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं आणि हरियाणाकडून चषक उचलणाऱ्यांमध्ये होता मोहम्मदरेझा शादलुई. दहा महिन्यांपूर्वी याच इराणी पठ्ठ्यानं पुण्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं.

शादलुई गेला म्हणून पलटण बुडाली, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. पण पुढच्याच हंगामात पलटण त्याच्याशिवाय फायनलला पोचली. मग चुकलं कुठं? चुकलं ते संघ ओळखण्याच्या पद्धतीत.

आधी मॅटवर कोण कुठं उभं राहतं ते बघू.

कबड्डीत एका वेळी सात जण मॅटवर असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, मध्यभागी एक सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना मध्यरक्षक म्हणजे कव्हर आणि कव्हर व कोपऱ्याच्या मध्ये ‘इन’. साधारणपणे दोन कोपरे आणि दोन कव्हर हे चार अस्सल बचावपटू असतात. उरलेल्या तीन जागांवर चढाईपटू किंवा अष्टपैलू खेळाडू उभे राहतात.

मॅच सुरू व्हायच्या आधी सोशल मीडियावर ‘आजचे पहिले सात’ असे अंदाज फिरतात. त्यात चढाईपटूंची नावं ओळखणं सोपं, कारण गुण दिसतात. गोची होते ती बचावफळीत.

पकडीचा गुण एकाच्या नावावर लागतो, पण पकड क्वचितच एकट्याची असते. कोपऱ्यानं घोटा धरला की शेजारच्या कव्हरनं त्याच क्षणी धडक मारून चढाईपटूचा मध्यरेषेचा रस्ता बंद करायचा असतो. अर्धा सेकंद उशीर झाला की चढाईपटू दोघांनाही घेऊन परत जातो. त्यामुळं एका बाजूचा कोपरा आणि कव्हर ही जोडी जमलेली आहे का, हा खरा प्रश्न असतो.

आता पुणेरी पलटणचे आकडे बघा.

दहाव्या हंगामासाठी पुण्यानं शादलुईवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. संघाकडं खर्चायला एकूण ५ कोटी असतात, म्हणजे जवळपास निम्मा पैसा एका डाव्या कोपऱ्यावर गेला. त्या हंगामात शादलुईनं पकडींचे ९९ गुण मिळवले. पण त्याच्यासोबत उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री होता आणि मध्ये संकेत सावंत व अबिनेश नादराजन. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या या संघानं साखळीतल्या २२ पैकी १७ मॅच जिंकल्या, फक्त २ हरल्या. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या फायनलमध्ये हरियाणाला २८-२५ असं हरवलं.

मग शादलुई हरियाणाकडं गेला, किंमत २ कोटी ७ लाख. तिथं जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल आधीपासून एकत्र खेळत होते. त्यांच्या जोडीला डाव्या कोपऱ्यावर शादलुई बसला आणि हरियाणा विजेता झाला. बाराव्या हंगामात गुजरात जायंट्सनं त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं. खेळाडू तोच होता, पण गुजरात पहिल्या आठातही आला नाही.

इकडं पुण्यानं खत्री आणि अबिनेश ही उजवी बाजू कायम ठेवली. डाव्या कोपऱ्यावर विशाल भारद्वाजसारखा अनुभवी खेळाडू आणला. प्रशिक्षक बदलले, अजय ठाकूर आले. पलटण साखळीत पहिल्या दोनात राहिली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीतल्या फायनलमध्ये दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी तीन गुणांनी हरली.

मग अकराव्या हंगामात, उजवी बाजू तीच असताना, पलटण का घसरली?

एक तर डावा कोपरा उघडा पडला होता. दुसरं कारण चढाईत होतं. कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळं हंगामाच्या मध्यावरच बाहेर गेला. कबड्डीत बाद झालेला खेळाडू परत येतो तो आपल्या संघानं गुण घेतल्यावरच. चढाईत गुण आटले की बाद झालेला कोपरा बाकावरच बसून राहतो. कागदावरची फळी कितीही भक्कम असली तरी मॅटवर ती तिघांची किंवा चौघांची होते. शिवाय अस्लम अष्टपैलू आहे. तो नसला की बचावातलाही एक हात कमी होतो.

म्हणून अंदाज बांधताना तीन गोष्टी बघायच्या. कोपरा आणि कव्हर यांची कोणती जोडी मागच्या हंगामापासून एकत्र आहे? ‘इन’च्या जागेवर पकडीला मदत करणारा अष्टपैलू आहे की निव्वळ चढाईपटू? आणि मुख्य चढाईपटू तंदुरुस्त आहे का? जमलेली जोडी प्रशिक्षक एका खराब मॅचमुळं सहसा मोडत नाहीत. बदल होतो तो बहुतेक वेळा नव्यानं आलेल्या बाजूला.

या अंदाजांवर काल-परवापर्यंत पैसेही लागत होते. चाकण-भोसरीत शिफ्ट संपवून बसमध्ये बसलेला पोरगा मोबाईलवर टीम लावायचा आणि महागडं नाव बघून कर्णधार निवडायचा. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. बरोबर आठवड्यानं, २९ ऑगस्टला, प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला. आता चाहत्याचा अंदाज चुकला तर फार तर ग्रुपवर चेष्टा होते.

संघमालकांचे कोटी मात्र अजूनही लागतात. पुढच्या लिलावात पुण्यानं कुणावर किती बोली लावली याची हेडलाइन होईलच. पण पलटणचं काय होणार हे ओळखायचं असेल, तर कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी आधी वाचावी. उजवी बाजू शाबूत आहे का, हे तिथंच कळतं.