संग्रहाचें खेळणें कसें असावें ?

आमच्या मसुरें गांवांत आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा भरते, तेव्हां दर्शनास आलेलें मूल परततांना खाज्याच्या पुडीबरोबर एखादें खेळणेंहि मागतें. आईबापांनीं तें घेऊन द्यावें यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु अलीकडे शहरांच्या बाजारांत खेळण्यांचा एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. बंद डबी विकत घ्यावयाची, आंत कोणती बाहुली निघेल हें ठाऊक नसावयाचें, आणि उणी असलेली बाहुली हातीं येईपर्यंत डब्यांमागून डब्या घेत राहावयाचें ! यास संग्रह म्हणावें कीं सोडत ?

संग्रहाची हौस मुळांत वाईट नव्हे. शिंपले किंवा पोस्टाचीं तिकिटें जमविणारा मुलगा निरखावयास, निवडावयास व जपावयास शिकतो. प्रश्न एवढाच कीं, जमविण्याची वस्तु हातास व डोळ्यास कांहीं शिकविते कीं केवळ खिसा रिकामा करिते.

रशियांतील एकींत एक बसणाऱ्या मात्रयोश्का बाहुल्या १८९० नंतरच्या दशकांत एक चित्रकार व एक कातारी यांनीं मिळून घडविल्या, आणि १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांतून त्या जगभर गेल्या. परंतु इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानें, अशीं एकंदर १२० वाटोळीं पानें ! दिवसा रामाच्या रंगानें व रात्रीं कृष्णाच्या रंगानें डाव सुरू करावयाचा. येथें एकहि पान दुर्मिळ म्हणून मिरवत नाहीं, कारण एक जरी हरवलें तरी खेळच मोडतो. ही कला लयास जाण्याच्या बेतांत असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीमंत शिवरामराजे भोंसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं तिला राजवाड्यांत आसरा दिला, म्हणूनच ती आज पाहावयास मिळते.

यावरून आमची सूचना अशी. चितारआळीच्या कारागिरांकडून दहा लहान भोंवरे कातून घ्यावेत. नऊ भोंवऱ्यांवर आपल्याकडील एकेक धंदा रंगवावा : माडावर चढणारा, सुंभ वळणारी, होडी वल्हविणारा, चाकावर बसलेला कुंभार इत्यादि. दहावा कोरा ठेवावा. तो घेणाऱ्या मुलानें स्वतःच्या हातानें रंगवावा. प्रत्येक भोंवरा उघडा व सुटा विकावा, म्हणजे गरिबाच्या मुलासहि एक घेतां येईल. आणि त्यावर कारागिराचें नांव असावें.

मात्र नमुना काढणाऱ्यानें आधीं कातकामापाशीं बसावें. सांगाड्यावर लांकूड फिरतें, म्हणून आकार वाटोळाच निघतो ; फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून रंग बसतो, आणि केवड्याच्या पानानें त्यास चकाकी येते. हें न जाणतां कागदावर काढलेलें चित्र कागदावरच राहावयाचें.

प्लॅस्टिकचें खेळणें स्वस्त पडतें, असा आक्षेप कोणी घेतील. तो खरा आहे, आणि काटकसर करणाऱ्या पालकांस आम्ही दोष देणार नाहीं. परंतु फुटलेलें प्लॅस्टिक उकिरड्यावर जातें. भोंवऱ्याची आर पुन्हां बसवितां येते, रंग पुन्हां देतां येतो. शिवाय चिताऱ्याच्या मुलास बापाचा धंदा पोटास पुरेल असें दिसलें तरच तो हातीं कुंचला धरील. नाहीं तर गंजिफेप्रमाणें कातकामासहि उद्यां राजवाड्याचाच आसरा शोधावा लागेल.

विद्यार्थिमित्रहो, आधीं तो दहावा भोंवरा कसा रंगवाल तें ठरवा. आणि पालकांनो, तो रंगवितांना घराची ओटी थोडी रंगली तर रागावूं नका.