लोणावळ्याचा मासा आणि कावेरीचा पेच



पिनरच्या आसपासच्या तळ्यांवर आणि कालव्यावर गळ टाकून तासन् तास बसणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. एवढी खटपट करून मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हे आपल्या मालवणी मंडळींना काही केल्या पटत नाही! पण याच छंदाने आपल्या मराठी मुलखातल्या एका माशाबद्दल महत्त्वाची गोष्ट उघड केली आहे.

हा मासा म्हणजे निळ्या पराचा महसीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे धरणे, प्रदूषण आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो घटू लागला. तेव्हा १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे या कामातले योगदान मोठे आहे. लाखो पिल्ले तयार झाली आणि देशभरच्या तलावांत व नद्यांत सोडली गेली. हा मासा 'संकटग्रस्त' यादीतून बाहेर पडल्याची बातमी नोव्हेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा आनंद होणे साहजिकच होते.

आता दुसरी बाजू पाहू. ही पिल्ले कर्नाटकात कावेरीतही गेली. तिथे मूळचा राहणारा होता वशिंडाचा महसीर. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा महसीर आजही शौकिनांच्या बोलण्यात असतो. कावेरीकाठच्या गालीबोर येथील शिबिरात परदेशी पाहुणे मासे पकडून सोडत आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवत. बोर्नमथ विद्यापीठाच्या एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या. एकूण मासे वाढले होते, पण ती वाढ मुख्यत्वे बाहेरून आलेल्या निळ्या पराच्या महसीरची होती. वशिंडाचा महसीर मात्र झपाट्याने कमी झाला होता. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

म्हणजे नुसता आकडा पाहिला तर नदी भरलेली, आणि जात पाहिली तर घरचा मालकच बेघर! तलावाचे किंवा नदीचे आरोग्य मोजताना किती मासे आहेत एवढेच विचारून भागत नाही. कोणते आहेत, कोणत्या वयाचे आहेत आणि ते आपले आपण वाढतात की दरवर्षी सोडावे लागतात, हेही विचारावे लागते. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगत असेल, तर लोणावळ्याच्या हौदातली पिल्ले कितीही गुटगुटीत असली तरी नदी सुधारली असे म्हणता येणार नाही.

यात लोणावळ्याच्या मंडळींचा हेतू वाईट नव्हता. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत परका ठरू शकतो, याचा विचार त्या काळी फारसा होत नसे. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे २०१२ मध्ये अभयारण्यातली ही शिबिरे बंद झाली आणि त्यांच्याबरोबर नोंदीही थांबल्या.

इंग्लंडमध्ये तळ्यात किंवा नदीत मासे सोडायला पर्यावरण खात्याची परवानगी लागते. तेव्हा मुलांना कंटाळा आला म्हणून घरच्या काचपेटीतले गोल्डफिश पिन नदीत सोडू नका. भूतदया म्हणून केले तरी ते बेकायदेशीर आहे. मुलांना गळाची हौस असेल तर जरूर न्या. १३ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, १३ ते १६ वयोगटाला तो मोफत मिळतो. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ बंद असतो, हेही ध्यानात ठेवा. आणि मुलांनी मासा पकडलाच, तर तो कोणत्या जातीचा हे वहीत लिहायला सांगा. गालीबोरच्या अशाच नोंदींमुळे कावेरीत काय चालले आहे ते जगाला कळले.