आपलेच पैसे, पण मागितल्याशिवाय नाही

"आपल्याला कर बसत नाही, मग रिटर्न कशाला भरायचे?" मंडळी, हे वाक्य ज्येष्ठांच्या कट्ट्यावर इतक्यांदा ऐकले की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हिशेब बघा. समजा, एका निवृत्त बाईंना २०२५-२६ मध्ये पेन्शन मिळाली २,४०,००० आणि एका बँकेतल्या ठेवींचे व्याज १,२०,०००. एकूण ३,६०,०००. नव्या करप्रणालीत ४,००,००० पर्यंत करच नाही. पण ज्येष्ठांचे व्याज वर्षात १,००,००० च्या वर गेले आणि कर बसत नसल्याचे घोषणापत्र दिलेले नसले, की बँक १० टक्के कापते. गेले १२,०००! रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत.

ही रक्कम खात्याकडे पॅनवर नोंदलेली असते. आपण देणे लागलो तर नोटीस येते. खाते देणे लागते तेव्हा मात्र मौन. थकलेल्या करावर आपल्याकडून महिना १ टक्का व्याज, परताव्यावर आपल्याला अर्धा! सहलीची उरलेली वर्गणी मी मुलांनी मागायची वाट न बघता परत करीत असे. सरकारला एवढे जमू नये?

नियम बदलेल तेव्हा बदलो. तोवर दरवर्षी फॉर्म २६एएस उघडा. कापलेल्या करातून बसणारा कर वजा करा. उरेल तो परतावा. रिटर्न भरा आणि मागून घ्या. ही सवलत नव्हे, आपलेच पैसे आहेत.